साठ गुंठे, वर्षावर्षाच्या कराराने: बर्लिनच्या प्रिन्सेसिनेनगार्टेनचे परीक्षण

बर्लिनच्या क्रॉयत्सबेर्ग भागात मॉरिट्झप्लाट्झ नावाचा एक चौक आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिथे यू ८ या भुयारी रेल्वेतून उतरले आणि जिना चढून वर आले, तेव्हा चौकाच्या एका कोपऱ्यावर इमारतीऐवजी झाडी दिसली. कुंपणाच्या फाटकातून आत गेल्यावर रॉबिनिया नावाच्या झाडांच्या सावलीत मांडलेली बाके होती, स्वयंपाकघर म्हणून वापरात असलेले जुने मालवाहू कंटेनर होते, आणि त्यांच्या पलीकडे पाव वाहून नेण्याच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये वाढलेली भाजी रांगारांगांनी उभी होती. ही जागा म्हणजे प्रिन्सेसिनेनगार्टेन, अर्थात राजकन्यांच्या बागा. शेजारच्या प्रिन्सेसिनेनश्ट्रासे या रस्त्यावरून तिला हे नाव मिळाले. त्यानंतर मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले, भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन गेले, आणि बऱ्याच वेळा हातात खुरपे घेऊनही गेले. पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी मला विचारतात, की बर्लिनमध्ये इतके काही पाहण्यासारखे असताना एका भाजीच्या बागेत अर्धा दिवस का घालवावा. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

या भूखंडाचा इतिहास ठाऊक नसेल, तर बाग नुसती टुमदार वाटते आणि तिचे खरे मोल हातून निसटते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथे वेर्टहाइम या व्यापारी पेढीचे भव्य बहुमजली दुकान होते. भुयारी रेल्वेचा मार्ग वळण घेऊन या चौकाखालून नेला गेला तो त्या दुकानासाठीच, असे जुने बर्लिनकर आजही सांगतात. युद्धातील बॉम्बवर्षावात हा परिसर उद्ध्वस्त झाला. १९६१ साली भिंत उभी राहिली तेव्हा मॉरिट्झप्लाट्झ पश्चिम बर्लिनच्या अगदी काठावर येऊन पडला, आणि थोड्याच अंतरावर हाइनरिश हाइने श्ट्रासेचा सीमानाका झाला. ज्या रस्त्याच्या टोकाशी सशस्त्र पहारा आहे, त्या रस्त्यावर दुकान कोण थाटणार? १९८९ साली भिंत पडली आणि हा काठ पुन्हा शहराच्या मधोमध आला, तरी या भूखंडाचे नशीब लगेच पालटले नाही. साठांहून अधिक वर्षे तेथे राडारोडा, झुडपे आणि लोकांनी आणून टाकलेला कचरा यांखेरीज काही नव्हते.

२००९ च्या उन्हाळ्यात रोबेर्ट शॉ आणि मार्को क्लाउजेन यांनी ही जागा महानगराकडून भाड्याने घेतली. दोघांपैकी कोणीही शेतकरी नव्हता. शॉ चित्रपट करीत असत आणि क्लाउजेन इतिहासाचे अभ्यासक होते. शॉ यांनी क्युबात शहरी शेती पाहिली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या देशाला तेल आणि रासायनिक खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवानाच्या नागरिकांनी घराघरांच्या दरम्यानच्या पडीक जागांवर वाफे करून भाजी पिकवायला सुरुवात केली. तेथे हे गरजेपोटी घडले, आणि त्याच सोबत शेजारी एकत्र येऊन काम करू लागले. बर्लिनमध्ये भाजीची टंचाई नव्हती, पण शेजार विस्कटलेला होता, आणि शॉ यांना क्युबातून नेमके तेच आणावेसे वाटले. त्यांनी स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेचे नाव नोमाडिश ग्र्युन, म्हणजे भटकी हिरवाई. शंभराहून अधिक स्वयंसेवकांनी मिळून जागेवरचा कचरा उपसला. भूखंड सुमारे ६,००० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने साठ गुंठ्यांच्या आसपास, दीड एकर.

भटकी हे विशेषण हौसेने लावलेले नव्हते. जमिनीचा करार वर्षावर्षाचा होता, आणि शहराला विकत घेणारा मिळाला की बाग उचलावी लागणार हे सुरुवातीपासून ठाऊक होते. शिवाय युद्धाचा आणि नंतरच्या वापराचा राडारोडा पोटात असलेल्या जमिनीत थेट भाजी लावणे सुरक्षित नव्हते. या दोन्ही अडचणींवर त्यांनी एकच उपाय काढला: जमिनीला हातच लावायचा नाही. खाद्यपदार्थांसाठी वापरण्याजोग्या प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचून त्यांत माती भरली आणि उंच वाफे तयार केले. बटाटे तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत लावले. रोपे दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत वाढवली. बटाट्याच्या पोत्याची युक्ती मला विशेष आवडली. रोप वाढेल तशी पोत्याची दुमडलेली कड उलगडत न्यायची आणि वरून माती घालत जायची. काढणीच्या वेळी कुदळीची गरजच पडत नाही, पोते उपडे केले की बटाटे हाती येतात. ज्या घराला एक चौरस मीटर सज्जा आहे, त्यालाही हे जमते. मुंबईत राहणाऱ्या माझ्या बहिणीने ते करून पाहिले आहे.

आता सेवेविषयी. येथे कोणाच्याही नावाचा वाफा नसतो. सभासदत्व घेऊन आपापल्या तुकड्यावर आपापले पीक घेण्याची पद्धत या बागेने पत्करली नाही. सर्व वाफे सर्वांचे, आणि आठवड्यातील ठरलेल्या दिवशी येऊन जो काम करील तो त्या दिवसापुरता त्या बागेचा माळी. आपल्याकडच्या मनाला हे प्रथम विचित्र वाटते, कारण आपण लावलेले रोप दुसऱ्याने खुडावे ही कल्पना सहजी पचत नाही. मीही पहिल्या वर्षी माझ्या हातची कोथिंबीर कोणीतरी नेली म्हणून मनातून हिरमुसले होते. परंतु दुसऱ्या हंगामात या व्यवस्थेचे मर्म कळले. ज्याला एकच शनिवार मोकळा मिळतो, ज्याला बियाणे म्हणजे काय हेही ठाऊक नाही, जो या शहरात तीनच महिने राहणार आहे, त्या प्रत्येकाला येथे दारातून आत येता येते आणि पहिल्याच दिवशी काहीतरी खरे काम हाती पडते. शिकवणारी माणसे शांतपणे शिकवतात. कोणी चूक केली तर रोप पुन्हा लावतात आणि पुढे जातात.

भाजी विकत घेण्याची रीतही वेगळी होती. बागेतील माणसाबरोबर वाफ्यापाशी जायचे, हवी ती पाने खुडून घ्यायची आणि पैसे द्यायचे. ही भाजी बाजारापेक्षा स्वस्त नसते, हे येथेच सांगून टाकते. ज्यांना आठवड्याचा भाजीपाला वाजवी दरात हवा आहे, त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी जवळच्या कालव्याकाठी भरणाऱ्या तुर्की बाजारात जावे. बागेत मिळते ते बाजारात न मिळणारे वाण. पिवळे बीट, जांभळे बटाटे, चार-पाच तऱ्हेची पुदिन्याची पाने, आणि ज्यांची नावे जर्मन शेजाऱ्यांनाही आजीकडून ऐकल्याचे आठवत होते अशा पालेभाज्या.

या पालेभाज्यांवर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण मराठी माणसाला ही बाग येथूनच आपली वाटू लागते. एका वाफ्यात जाडसर हिरव्या पानांची भाजी होती. तिचे नाव जाउअरआम्प्फर असे सांगितले गेले. पान तोंडात टाकले आणि जिभेला ओळख पटली: हा आपल्या आंबट चुक्याचा सख्खा चुलतभाऊ. घरी आणून हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गुळाचा खडा घालून मी त्याची भाजी केली आणि ती चुक्याइतकीच चांगली झाली. दुसऱ्या वर्षी जमिनीलगत पसरलेली, मांसल पानांची घोळ दिसली. येथे तिला पोर्टुलाक म्हणतात. मी ती खुडत असताना शेजारी काम करणाऱ्या एका वयस्क तुर्की बाईंनी माझा हात थांबवून कोवळे शेंडे कसे घ्यावेत ते दाखवले आणि त्यांच्या घरी ती दह्यात कालवून खातात असे सांगितले. आमच्याकडे ताकातली घोळ करतात, हे मी त्यांना माझ्या तोडक्या जर्मनमध्ये सांगितले, तेव्हा आम्हा दोघींना एकमेकींच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्यासारखे वाटले. चाकवत तर बर्लिनच्या कोणत्याही पडीक जागेत तण म्हणून उगवतो. लोक तो उपटून खताच्या ढिगावर टाकतात. मी एकदा बागेतील चार जणांना चाकवताची पातळ भाजी करून आणून दिली आणि पुढच्या शनिवारी त्यांनी उपटलेला चाकवत माझ्यासाठी बाजूला ठेवला होता.

बागेच्या उपाहारगृहात जेवण याच मालाच्या आधाराने बनत असे: सूप, कोशिंबिरीच्या ताटल्या, ताज्या पाल्याचे सरबत. आपल्या जिभेला मसाला कमी वाटेल, परंतु पानांचा आणि कंदांचा स्वाद त्यामुळेच समजतो. माझ्या मते जेवणापेक्षाही तेथील बसण्याची जागा अधिक मोलाची होती. रॉबिनियाची ती झाडे कोणी लावलेली नाहीत. पडीक वर्षांमध्ये ती आपसूक वाढली, आणि बाग उभी करताना ती न तोडता त्यांच्याच छायेत बाके मांडली गेली. शहरातील पडीक जागेकडे पाहण्याची दृष्टी त्या एका निर्णयात दिसते. ओसाड म्हटलेल्या जागेतही साठ वर्षांत काहीतरी उभे राहिलेले असते, आणि चांगला माळी आधी ते पाहून घेतो.

आता उणिवांकडे वळते. त्या या बागेच्या चालकांच्या नाहीत. क्रेटमधल्या शेतीच्याच आहेत, आणि अशी बाग आपल्या गावात करू पाहणाऱ्यांनी त्या समजून घ्यायला हव्यात. पहिली पाण्याची. जमिनीतल्या वाफ्याखाली ओलावा धरून ठेवणारे थर असतात. क्रेटच्या मातीला सर्व बाजूंनी वारा लागतो आणि ती उन्हात भराभर सुकते. २०१८ चा उन्हाळा जर्मनीत फार कोरडा आणि तापलेला गेला, तेव्हा संध्याकाळी झाऱ्या भरभरून घातलेले पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत नाहीसे होई. दुसरी उणीव मातीची. पेटीतली माती दर हंगामाला खचते आणि भुकेली होते. तिला सतत खत आणि नवा भर लागतो. ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून खत करण्याचे काम म्हणूनच तेथे लावणीइतक्याच मानाने शिकवले जाते, आणि मला विचाराल तर येणाऱ्याने एक दिवस फक्त खताच्या ढिगापाशी काढावा. अर्धवट कुजलेल्या ढिगात हात घातल्यावर लागणारी ऊब आणि पूर्ण कुजलेल्या खताचा पहिल्या पावसासारखा वास या दोन गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकातून समजत नाहीत.

तिसरी बाब रस्त्याची, आणि ती गंभीर आहे. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी शहराच्या मध्यभागी पिकवलेल्या भाज्या तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रस्त्यापासून दहा मीटरांच्या आत वाढलेल्या भाज्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत शिशाचे प्रमाण युरोपीय संघाच्या मर्यादेहून अधिक होते. जेथे रस्ता आणि वाफा यांच्यामध्ये इमारत किंवा दाट झाडी होती, तेथे ते कमी आढळले. स्वच्छ माती आणून पेटीत भरली की काम झाले असे मानणाऱ्यांना हा इशारा आहे. वाफा कोठे मांडायचा, त्याच्या आणि वाहनांच्या मध्ये काय उभे करायचे, धुरळा बसणाऱ्या पानांऐवजी तेथे काय लावायचे, हे प्रश्न माळीकामाचेच भाग आहेत. पुण्यात किंवा ठाण्यात हमरस्त्याच्या कडेला पालक लावण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेच पाहिजे.

हवामानाचा उल्लेख केल्याशिवाय भेटीची वेळ सांगता येत नाही. येथे मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना बर्फाचे संत म्हणतात. त्या संतांचे दिवस सरेपर्यंत रात्री दहिवर गोठण्याची भीती असते, म्हणून टोमॅटो, काकडी, भोपळा यांची रोपे कोणी शहाणा माळी त्याआधी बाहेर काढत नाही. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात, त्याच निष्ठेने येथे थंडी सोफी, म्हणजे १५ तारखेची शेवटची संतीण, निघून जाण्याची वाट पाहतात. त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बाग भरलेली असते. पाहुण्यांना फेब्रुवारीत नेले तर रिकामे क्रेट आणि ओली फांदाटी यांपलीकडे काही दिसणार नाही.

बर्लिनमध्ये शहरातल्या शेतीची याहून जुनी परंपरा आहे, आणि तिच्याशी तुलना केल्याखेरीज या बागेचे मूल्यमापन अपुरे राहील. क्लाइनगार्टेन म्हणजे छोट्या बागांच्या वसाहती. शहरात असे सत्तर हजारांवर तुकडे आहेत, आणि त्यांच्यासाठी १९८३ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे: तुकडा ४०० चौरस मीटरांपेक्षा मोठा नसावा, त्यावरची झोपडी ओसरीसह २४ चौरस मीटरांच्या आत असावी. भाडे माफक असते आणि कायद्याचे संरक्षण भक्कम. साहजिकच सोडणारे थोडे आणि मागणारे फार. मी एका वसाहतीत नाव नोंदवले तेव्हा कित्येक वर्षे थांबावे लागेल असे सांगण्यात आले, आणि तीन वर्षांनी विचारपूस केली तर माझी नोंदच सापडली नाही. त्या दिवशी परत येताना मी मॉरिट्झप्लाट्झला उतरले आणि तासभर मुळ्याची विरळणी केली. ज्याच्याकडे प्रतीक्षा करण्याइतके आयुष्य या शहरात नाही, त्याच्यासाठी दार उघडे ठेवणारी जागा असणे ही चैन नाही, हे मला त्या संध्याकाळी कळले.

दुसरी तुलना टेम्पेलहोफच्या मैदानाशी. तेथील विमानतळ २००८ साली बंद झाला, २०१० साली धावपट्ट्यांसह सुमारे तीनशे हेक्टरांचे मैदान लोकांसाठी खुले झाले, आणि २०११ पासून त्याच्या एका कडेला आल्मेंडे-कोंटोर ही सामुदायिक बाग उभी आहे. तेथेही जमिनीत खणण्याची परवानगी नाही, म्हणून जुनी कपाटे, न्हाणीघरातील टब, फळ्या अशा मिळेल त्या वस्तूंचे वाफे आहेत. त्या मैदानावर इमारती बांधण्याचा शहराचा बेत होता. २५ मे २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी तो फेटाळला आणि मैदान मोकळे ठेवण्याचा कायदाच झाला. बागेच्या रचनेत, शिकवण्यात आणि स्वयंपाकात मला प्रिन्सेसिनेनगार्टेन उजवी वाटते. पायाखालची जमीन राहील या खात्रीत मात्र टेम्पेलहोफ उजवे आहे.

ही खात्री नसल्याची किंमत मॉरिट्झप्लाट्झने मोजली आहे. २०१२ साली हा भूखंड विकण्याच्या हालचाली सुरू झाल्या. बागेने चौक जिवंत केला आणि जिवंत झालेल्या चौकाचा भाव वाढला, हा अनुभव येथील अनेकांना त्या वर्षी आला. बागेच्या बाजूने तीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि विक्री थांबून जागा पुन्हा जिल्हा प्रशासनाकडे आली. पुढे तेथे एक उंच, चारही बाजूंनी उघडी लाकडी इमारत स्वयंसेवकांच्या हातांनी उभी राहिली. तिला लाउबे म्हणतात, म्हणजे छोट्या बागांमधल्या झोपडीचेच नाव. ही बाग पुढील ९९ वर्षे सर्वांची राहावी, अशी मागणीही याच लाकडी छपराखाली चर्चिली गेली. तरीही भटक्या हिरवाईने अखेर आपले नाव खरे केले. २०१९ च्या अखेरीस नोमाडिश ग्र्युनने आपला मुक्काम बर्लिनच्याच नॉयकोल्न भागात हेरमानश्ट्रासेवरील नव्या सेंट याकोबी दफनभूमीत हलवला, आणि मॉरिट्झप्लाट्झची बाग शेजाऱ्यांच्या दुसऱ्या गटाने चालू ठेवली. त्यामुळे आज पाहणाऱ्याला एकाच यू ८ मार्गावर दोन बागा पाहता येतात.

दफनभूमीत भाजी, हे ऐकून माझ्या आईने फोनवर थोडा वेळ काहीच उत्तर दिले नव्हते. यामागचे कारण साधे आहे. बर्लिनमध्ये दहनाचे प्रमाण वाढले, रक्षापात्राला जागा फार थोडी लागते, आणि एकोणिसाव्या शतकात मोठ्या हिशेबाने आखलेल्या दफनभूमींचे विस्तीर्ण भाग वापराविना राहिले. चर्चच्या संस्थेने अशा भागावर बागेला जागा दिली. तेथे जुन्या लिंडेनच्या आणि मेपलच्या झाडांच्या रांगा आहेत, मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आणि काही अंतरावर आजही लोक आपल्या माणसांच्या स्मृतिशिळांपाशी फुले ठेवायला येतात. काम करणारे हळू बोलतात. मी तेथे प्रथम गेले तेव्हा अवघडले होते. एका वृद्ध गृहस्थांनी पत्नीच्या शिळेसाठी नेलेली झारी परत आणून आमच्या वाफ्याला उरलेले पाणी घातले, आणि अवघडलेपण सरले. मॉरिट्झप्लाट्झपेक्षा कितीतरी मोठी आणि शांत अशी ही जागा आहे. गजबज आणि तरुणाई हवी असेल त्यांनी मॉरिट्झप्लाट्झला जावे. माती, झाडे आणि सावकाश काम हवे असेल त्यांनी हेरमानश्ट्रासेला.

मी परळची. माझे वडील गिरणीत होते, आणि संपानंतर बंद पडलेल्या आवारांच्या भिंतींलगत आम्ही शाळेत जात असू. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम असा होता, की गिरणीची जमीन विकसित होईल तेव्हा साधारण एक तृतीयांश शहराला मोकळी जागा म्हणून, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळावी. २००१ साली त्यात बदल झाला आणि ही विभागणी आवारातील आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. मॉरिट्झप्लाट्झच्या साठ गुंठ्यांवर उभी असताना गिरणगावातील शेकडो एकरांचा हिशेब माझ्या मनातून जात नाही. त्यांतल्या एका आवारात जरी एवढी बाग झाली असती, तरी चाळीतल्या किती बायकांनी तेथे माठ, चवळी आणि अळू लावले असते हे मला नावांनिशी सांगता येईल.

आपल्याकडे या कामाचे ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोषण कसे होईल याचे गणित मांडले होते, आणि पालापाचोळ्यापासून सजीव माती करण्याची त्यांची रीत पुढे शहरांतल्या गच्च्यांवर पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकातल्याच ओल्या कचऱ्याची माती करून भाज्या आणि फळझाडे वाढवली. बर्लिनकरांनी पेटीत केलेले काम आणि हे काम शेजारी ठेवले, तर मातीच्या बाबतीत आपले काम पुढचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. फरक जागेच्या हक्काचा आहे. गच्चीवर बाहेरचा माणूस येऊ शकत नाही. चौकातल्या बागेत येतो, आणि म्हणून तीस हजार लोकांना ती आपली वाटून सही करावीशी वाटते.

भेटीविषयी थोडे व्यावहारिक. दोन्ही बागांत प्रवेशासाठी तिकीट नाही. कामाचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. जाडे बूट, उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी. खुरपी आणि हातमोजे तेथे मिळतात. जर्मन येत नसेल तरी अडत नाही. लहान मुलांना अवश्य न्यावे. खाण्यापिण्यासाठी रोख पैसे जवळ असावेत. भारतातून बियाणे आणण्याचा मोह आवरावा, कारण वनस्पती आणि बियाण्यांच्या आयातीवर युरोपीय संघाचे निर्बंध आहेत. मेथी आणि धणे येथल्या आशियाई किराणा दुकानांत मिळतात आणि ते उत्तम उगवतात.

माझी गुणपत्रिका विचाराल तर शिकवण्याला आणि आपलेपणाला पैकीच्या पैकी, ताटातल्या स्वादाला भरघोस, आठवड्याचा भाजीपाला पुरवण्याच्या दृष्टीने थोडे. एकच दिवस हाती असेल, तर सकाळी हेरमानश्ट्रासेला काम करावे, दुपारी यू ८ ने मॉरिट्झप्लाट्झला यावे आणि लाउबेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बागेकडे पाहावे. रस्त्याकडच्या बाजूला रॉबिनियाचे शेंडे अगदी हाताशी येतात, आणि मे-जूनमध्ये गेलात तर त्यांचा पांढरा फुलोरा तेवढ्या उंचीवरून समोरासमोर दिसतो.